पहिल्या दिवशी ६० आले, तिसऱ्या आठवड्यात ९ उरले

प्रश्न थोडक्यात असा. दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने कॉलेजात गेमिंग क्लब काढला. पहिल्या दिवशी ६० जण आले, तिसऱ्या आठवड्यात ९. खोलीची किल्ली आणण्यापासून केबल गुंडाळण्यापर्यंत सगळं तो एकटाच करतो. गेल्या सत्रात त्याचा एक विषयही राहिला. आता तो विचारतोय, एखादी मोठी स्पर्धा भरवली तर पोरं परत येतील का?

स्पर्धेच्या दिवशी येतील. पुढच्या आठवड्यात परत ९.

विद्यार्थी असताना मी असा क्लब चालवला आणि शिकवायला लागल्यापासून बरीच वर्षं मार्गदर्शक शिक्षक म्हणून क्लबच्या अर्जांवर सह्या करतो आहे. एक क्लब माझ्या डोळ्यांदेखत बंद पडला, त्यात माझाही वाटा होता. तेव्हा हे सगळं थोडं हात पोळलेल्या माणसाचं समज.

पहिली गोष्ट, ६० चे ९ झाले म्हणून खचू नकोस. सत्राच्या सुरुवातीला पोरं नाटकात डोकावतात, ट्रेकिंगवाल्यांकडे नाव देतात, तुझ्याकडेही येऊन जातात. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांच्याच वाट्याला येतात. मला जाणून घ्यायचंय ते वेगळंच. जे ५१ गेले, त्यांपैकी किती जण एकही डाव न खेळता गेले? याचं उत्तर तुझ्याकडे नसणार, कारण तू तेव्हा एचडीएमआय केबल शोधत होतास.

मला हे कळलं ते योगायोगाने. एका संध्याकाळी मी क्लबच्या खोलीत दाराजवळच्या बाकावर पेपर तपासत बसलो होतो. पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला. एका खांद्यावर बॅग, हातात फोन. समोर कन्सोलवर चौघं खेळत होते आणि त्यांच्या मागे सात-आठ जणांचं कडं. कुणीतरी मान न वळवता म्हणालं, "ये ना, बस." तो बसायला जागा शोधू लागला, तर प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर कुणाची ना कुणाची बॅग. मग भिंतीला टेकून उभा राहिला. फोन उघडला, बंद केला, परत उघडला. कड्यातून एकदम आरडाओरडा झाला तेव्हा तोही हसला, पण कशाला हसायचं ते त्याला दिसत नव्हतं. मी घड्याळ बघितलं होतं. अकराव्या मिनिटाला तो निघाला, आणि दार आपटू नये म्हणून हाताने धरून हळूच लावून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रात्री क्लबच्या अध्यक्षाचा मेसेज आला, "सर, आज मस्त झालं!"

त्या मुलाला मी उठून हाक मारायला हवी होती. नाही मारली. पण दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही एक नियम केला, आणि इतक्या वर्षांत टिकलेला तो एकच नियम आहे. दारातून नवं माणूस आलं की दहा मिनिटांच्या आत त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. कंट्रोलर, पत्ते, फासे, काहीही.

त्यासाठी एक जण न खेळता दाराशी थांबतो. अर्धा तास एक, मग दुसरा. आमच्याकडे पोरं त्याला 'दरवान' म्हणतात. दरवानाने विचारायचं काय, हेही आम्ही ठरवून घेतलं. "काय खेळतोस?" असं विचारायचं नाही. आपल्याला तो साधा प्रश्न वाटतो, नव्या माणसाला तोंडी परीक्षा वाटते. "रँक काय?" तर मुळीच नाही. विचारायचं ते एवढंच, "तिथे एक जागा आहे, बसतोस?" नाव नंतर, फॉर्म त्याहून नंतर, व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यात शेवटी. ग्रुपमध्ये घातला म्हणजे क्लबात आला, ही फार मोठी फसगत आहे. माझ्या माहितीतल्या एका क्लबाच्या ग्रुपवर २०० च्या वर लोक होते आणि खोलीत सहा.

आता खोली कशी लावायची. दाराजवळ लहान डावांचे खेळ ठेव, लांबणारे खेळ आतल्या बाजूला. 'कोडनेम्स' हा शब्द ओळखायचा खेळ साधारण १५ मिनिटांत संपतो आणि डाव चालू असताना एखादा वाढला तरी टीममध्ये सामावून जातो. 'कॅटन' हा पटावरचा खेळ तीन किंवा चार जणांचा, आणि तास-दीड तास हलत नाही. पाचवा आला तर तो प्रेक्षक. 'कॅटन' वाईट खेळ आहे असं नाही, १९९५ पासून लोक खेळताहेत ते उगाच नाही. पण तो दाराशी मांडलास तर तू स्वतःच्या हाताने दार बंद केलंस.

कन्सोलवर 'हरला तो उठला' ही सगळीकडची रीत. हिशोब करून बघ. आठ जण, एका वेळी दोघं, एक झुंज पाच मिनिटांची. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या नवख्याच्या आधी सहा झुंजी, म्हणजे अर्धा तास. मग त्याची पाळी येते ती खोलीतल्या सगळ्यात तयार खेळाडूसमोर, कारण तो केव्हाचा जिंकून तिथेच बसलाय. दोन मिनिटांत खेळ खलास आणि परत रांगेत. या रीतीत ज्याला सरावाची गरज सगळ्यात कमी, तोच सगळ्यात जास्त खेळतो. आम्ही उलटं केलं, जिंकला तो उठला. पहिल्या दिवशी तयार पोरांनी कुरकुर केली. मग त्यांनी एकमेकांसाठी वेगळा टीव्ही मागितला, तो दिला, आणि मिटलं. जमेल तिथे चार-चार जण एकदम खेळतील असे खेळ लाव. 'स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या झुंजीच्या गेममध्ये तर आठ जण एका वेळी उतरू शकतात. पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो, पण नवख्याचं हरणं त्या गोंधळात झाकलं जातं.

लहानपणी आपण 'लिंबूटिंबू' ठेवायचो, आठवतंय? धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. कॉलेजातल्या मुलाला कुणी तोंडावर लिंबूटिंबू म्हटलं तर तो परत येणार नाही. पण त्यामागची युक्ती मात्र वापर. पहिले दोन डाव गुणफलकावर लिहायचे नाहीत. जुन्या खेळाडूने आपलं नेहमीचं पात्र सोडून दुसरं घ्यायचं. पटावरच्या खेळात नवख्याचा पहिला डाव उघड्या पत्त्यांनी. हे सगळं न सांगता करायचं, उपकार केल्यासारखं नाही.

आणि एका माणसावर लक्ष ठेव, जो प्रत्येक क्लबात असतो. दुसऱ्याच्या पाळीला तो सांगतो, "अरे तिथे नको, इथे ठेव." 'पँडेमिक'सारख्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळात तर तो चारही जणांचा खेळ एकटाच खेळतो. स्वभावाने तो चांगला असतो, मदतच करत असतो. त्याला बाजूला घे आणि दरवान कर. गंमत नाही करत आहे. समजावून सांगायची हौस असलेल्या माणसाला ती योग्य जागी भागवू दे. शिवीगाळ करणारा, मुलींच्या खेळावर शेरे मारणारा ही मात्र वेगळी बाब. त्याला एकदाच सांगायचं, त्याच दिवशी, चारचौघांत नाही पण स्पष्ट. दुसऱ्यांदा झालं तर त्याला घरी पाठवायचं, मग तो कितीही चांगला खेळत असो. तू हे टाळलंस तर मुली काही बोलणार नाहीत, नुसत्या यायच्या थांबतील, आणि तू मला विचारशील की मुली गेमिंगला का येत नाहीत.

आता स्पर्धा. विचारलंच आहेस तर सांगतो, पण ती सत्राच्या मध्यावर घे. सुरुवातीला नको.

सगळे जण डोळे मिटून बाद फेरीचा तक्ता काढतात. ३२ खेळाडूंच्या बाद स्पर्धेत ३१ सामने होतात, आणि पहिल्या फेरीनंतर १६ जण घरी. म्हणजे दिवसभराची तयारी करून तू अर्ध्या लोकांना एक सामना दिलास. त्याऐवजी स्विस पद्धत बघ. बुद्धिबळवाले ती १८९५ च्या झुरिक स्पर्धेपासून वापरताहेत. कुणीच बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. ३२ जणांना पाच फेऱ्या पुरतात आणि प्रत्येक जण पाच सामने खेळतो. सामने मात्र ८० होतात, तेव्हा आठ टीव्ही असतील तरच हे कर. आठच जण असतील तर सरळ साखळी, २८ सामने. दोनदा हरल्यावर बाद करणारी पद्धतही चांगली. १६ जणांत ३० किंवा ३१ सामने. पण तिचा शेवट रेंगाळतो, कारण एकदा हरलेल्यांच्या उतरंडीतले शेवटचे सामने एकामागून एकच होऊ शकतात, टीव्ही कितीही असले तरी. पोरं घड्याळ बघायला लागतात ती इथे.

तक्ता आधी छापून ठेवू नकोस. २४ नावं आली की १७ जण उगवतात. हजेरी घे, दार बंद कर, मग तक्ता काढ. ११ जण आले तर तक्ता १६ चा होईल आणि पाच जणांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळेल. ही चाल मानांकनात वर असलेल्यांना द्यायची पद्धत आहे. मी क्लबाच्या स्पर्धेत चिठ्ठ्या टाकतो. चॅलॉन्ज किंवा स्टार्ट डॉट जीजी या वेबसाइट हे सगळं आपोआप करतात, पण एक तक्ता भिंतीवर हाताने लिहिलेला हवाच. त्याभोवती लोक जमतात, बोलतात. फोनवरच्या तक्त्याभोवती कुणी जमत नाही.

कंट्रोलर वायरलेस असतील तर सामना संपल्यावर जोडणी तोडायची, हे दहा वेळा ओरडून सांग. नाहीतर खिशात कंट्रोलर घेऊन घरी निघालेल्या मुलाचं बटण दाबलं जातं आणि उपांत्य सामना मध्येच थांबतो. हे माझ्यासमोर झालंय. पॉज झालेला सामना कुणाच्या खात्यावर टाकायचा यावर अर्धा तास वाद. नियम आधी लिहिलेला नव्हता, चूक आमचीच.

विजेची गोष्ट यापेक्षा गंभीर. एका वर्षी आम्ही आठ कॉम्प्युटर एकाच भिंतीवरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड लावून चालवले. मॉनिटरसकट एक गेमिंग कॉम्प्युटर खेळ चालू असताना सहज ४०० ते ५०० वॉट ओढतो. वरचा आकडा धरला तर आठांचे झाले ४०००. २३० व्होल्टने भागलं तर १७ अँपिअरच्या वर. बोर्डावर लिहिलं होतं १०. दुसऱ्या सामन्यात दिवे गेले, आणि बोर्डाचं प्लास्टिक हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. नुसते दिवे गेले यावर सुटलो. बोर्डातून बोर्ड काढायचा नाही, आणि कुठला पॉइंट कुठल्या सर्किटवर आहे हे आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला घेऊन बघायचं. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनशी ओळख ठेव. प्राचार्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नेटवर्कचं म्हणशील तर कॉलेजच्या वायफायवर भरवसा ठेवू नकोस. बऱ्याच कॅम्पस नेटवर्कवर एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच व्यवस्था असते, सुरक्षेसाठी, आणि ती बरोबरच आहे. पण मग शेजारी-शेजारी बसलेले दोघं एकमेकांचा गेम शोधत बसतात. एक साधा गिगाबिट स्विच, म्हणजे यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारा डबा, आणि पुरेशा केबल एवढ्यात काम भागतं. अपडेट आदल्या रात्री. ५० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला सव्वादोन तास लागतात, तेही लाइन पूर्ण तुझीच असेल तर. एकाच यंत्रावर उतरव आणि बाकीच्यांवर स्विचमधून ओत. स्टीम या गेम उतरवायच्या अॅपमध्ये ही सोय २०२३ पासून आहेच. चांगल्या डिस्क असतील तर तेच ५० जीबी सात-आठ मिनिटांत जातात.

बक्षिसावर फार डोकं लावू नकोस. प्रवेश फी गोळा करून तीच बक्षीस म्हणून वाटणं तर टाळच. अनेक ठिकाणी ते जुगाराच्या व्याख्येजवळ जातं, आणि काही गेम कंपन्यांचे छोट्या स्पर्धांसाठी स्वतःचे नियम असतात, तेही वाचून घे. १९ ऑक्टोबर १९७२ ला स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत 'स्पेसवॉर'ची स्पर्धा झाली, व्हिडिओ गेमची पहिली स्पर्धा म्हणून तिचंच नाव घेतात. बक्षीस होतं एका मासिकाची वर्षभराची वर्गणी. तो गेमसुद्धा १९६२ मध्ये एमआयटीत ज्यांनी लिहिला, ती मंडळी खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांच्या विद्यार्थी क्लबातली. मशिनवरची बटणं खेळायला गैरसोयीची पडत होती, म्हणून त्यांच्यातल्या दोघांनी त्या रेल्वे क्लबात पडलेल्या सुट्या भागांतून कंट्रोलर जोडले. सामान नाही म्हणून क्लब अडलाय असं कुणी मला सांगायला आलं की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो. पोरांना पाठ झाली आहे आता.

आहे ते सामान मात्र जप. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटव आणि त्यावर आत काय काय आहे ते आकड्यांत लिही. 'कॅटन' असेल तर जमिनीचे षटकोन १९, साधनसामग्रीचे पत्ते ९५, विकासाचे पत्ते २५, फासे २. डाव संपला की मोजूनच खोकं बंद. दोन मिनिटं जातात. हे केलं नाहीस तर वर्षभरात प्रत्येक खोक्यात 'जवळजवळ पूर्ण' खेळ असतो, आणि असा खेळ कुणी काढत नाही.

तुझ्या अभ्यासाचं सगळ्यात शेवटी लिहितोय, पण पत्र वाचताना पहिलं लक्ष तिथेच गेलं. एकट्याने सगळं करणारा अध्यक्ष हा क्लबाचा आधार असतो असं पोरांना वाटतं. मला तो क्लबाचा सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. तू आजारी पडलास की खोली उघडत नाही. जो क्लब बंद पडला म्हणालो ना, तिथे सगळं एका हुशार मुलीच्या डोक्यात होतं. हिशोब तिच्या वहीत, क्लबाच्या ऑनलाइन गप्पांचा डिस्कॉर्ड सर्व्हर तिच्या नावावर, पासवर्डची पडताळणी तिच्या फोनवर. ती पास होऊन गेली, नंबर बदलला. सर्व्हरची मालकी मालकानेच दुसऱ्याकडे सोपवायची असते, दुसऱ्या कुणाला ती आपणहून ओढून घेता येत नाही. नव्या पोरांनी शून्यातून सुरुवात केली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दम सोडला. मार्गदर्शक म्हणून हे मी वेळेवर विचारायला हवं होतं, माझा वाटा म्हणालो तो हा.

म्हणून कामं वाटायला मोठी समिती नेमू नकोस, पदं वाटली की बॅनरवर नावं वाढतात एवढंच. तुझ्याकडे ९ जण उरलेत ना? तेच पुष्कळ आहेत. त्यांना "मदत कराल का?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतील आणि कुणी करणार नाही. प्रत्येकाला एक ठरावीक वस्तू सोपव. किल्ली हिच्याकडे, केबलची पेटी याच्याकडे, खोकी मोजणं त्या दोघांकडे, हिशोबाची वही तिच्याकडे, आणि प्रत्येक खर्चावर दुसऱ्या कुणाची तरी सही. क्लबाच्या नावाने वेगळा ईमेल काढ आणि सगळी खाती त्यावर ने. ते चुकतील. केबल घरी राहतील, किल्ली हरवेल. एकदा खोली उघडली नाही म्हणून काही बिघडत नाही. तू धावत जाऊन उघडलीस तर मात्र ते काम कायमचं परत तुझ्याकडे आलं.

वेळही आवर. आठवड्यातून एकदा, अडीच तास, आणि संपायच्या वेळेला दिवे बंद. "शेवटचा डाव" ही जगातली सगळ्यात खोटी गोष्ट आहे. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे क्लब बंद ठेवायचा, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाक, म्हणजे नंतर कुणी गळ घालत नाही.

पुढच्या बैठकीत तू स्वतः खेळू नकोस आणि केबललाही हात लावू नकोस. कागद-पेन्सिल घेऊन दाराशी बस. कोण आलं, किती वाजता आलं, आणि त्याच्या हातात पहिला कंट्रोलर किंवा पत्ता किती वाजता पडला, एवढंच लिही. तो कागद मला पाठव, मग स्पर्धेचं बोलू. आणि राहिलेल्या विषयाची तारीख लागली असेल तर त्याआधीच्या तीन आठवड्यांची किल्ली आजच कुणाला तरी देऊन टाक.